मार्क्विस ऑफ डलहौसी: अकरा वर्षांत संपलेला किताब

मराठी वाचकाला डलहौसी माहीत असतो तो सातारा, नागपूर आणि झाशी खालसा करणारा गव्हर्नर जनरल म्हणून. १९ डिसेंबर १८६० रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, तो स्कॉटलंडमधल्या आपल्या डलहौसी किल्ल्यात वारला. त्याला मुलगा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी राणी व्हिक्टोरियाने दिलेला 'मार्क्विस ऑफ डलहौसी' हा किताब त्याच्याबरोबर संपला. आपल्याकडे ही गोष्ट नियतीचा न्याय म्हणून सांगितली जाते. दुसऱ्यांच्या गाद्या वारस नाही म्हणून बुडवणारा स्वतःच निर्वंश गेला, असे.

ऐकायला ते बरे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. त्याचा दुसरा, जुना किताब 'अर्ल ऑफ डलहौसी' त्या दिवशी संपला नाही. तो चुलतभावाकडे गेला आणि आजही त्याच रॅम्से घराण्यात आहे. माणूस एक, मृत्यू एक, मुलगा नाही हे कारणही एकच. तरी एक किताब संपला आणि दुसरा पुढे चालू राहिला. हे कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एकदा ते कळले की साताऱ्याच्या प्रकरणात कंपनी सरकारने नेमके काय केले, तेही जास्त स्पष्ट दिसते.

आधी थोडी पायाभूत माहिती. ब्रिटिश सरदारांत पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट. शेवटच्या पायरीला इंग्लंडमध्ये बॅरन म्हणतात आणि स्कॉटलंडच्या जुन्या किताबांत नुसते लॉर्ड. एका माणसाकडे तीन-चार किताब असू शकतात. ओळखला जातो तो सर्वांत वरच्या किताबाने. प्रत्येक किताबामागे राजाची किंवा राणीची सनद असते आणि तो कोणाला दिला, पुढे कोणाकडे जाईल, हे त्या सनदेत ठरवलेले असते. घराण्याची इच्छा, मृत्युपत्र, गुणवत्ता यांपैकी कशालाही तिथे वाव नाही.

स्कॉटलंडची गोष्ट त्यातही वेगळी. १७०७ पर्यंत ते स्वतंत्र राज्य होते आणि त्याचे किताब त्याचे स्वतःचे होते. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसद एक झाली आणि त्यानंतर 'स्कॉटलंडचा' म्हणून नवा किताब दिला गेला नाही. आयर्लंडचे किताब सोडले तर पुढचे सगळे नवे किताब ग्रेट ब्रिटनचे आणि १८०१ पासून युनायटेड किंगडमचे. म्हणून काटेकोर बोलायचे तर 'मार्क्विस ऑफ डलहौसी' हा युनायटेड किंगडमचा किताब. घराणे, किल्ला, जमीन सगळे स्कॉटिश असूनही.

या विलीनीकरणात स्कॉटिश सरदारांच्या पदरी एक कमीपणा आला. इंग्लिश अर्ल आपल्या हक्काने लॉर्ड्‌सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात बसायचा. स्कॉटिश अर्लला तो हक्क नव्हता. सगळ्या स्कॉटिश सरदारांनी मिळून आपल्यातले फक्त सोळा प्रतिनिधी निवडून पाठवायचे, असा करार झाला होता, आणि ही पद्धत थेट १९६३ पर्यंत चालली. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला महत्त्वाकांक्षी स्कॉटिश सरदार धडपडायचा तो दुसरा, नवा, युनायटेड किंगडमचा किताब मिळवायला. तो छोटा असला तरी चालेल, पण सभागृहात हक्काची जागा हवी. शेकडो वर्षांचा जुना किताब आणि जोडीला कालपरवाचा नवा, अशी जोडी या घराण्यांत वारंवार दिसते ती म्हणून. आणि मरताना दिसतो तो बहुतेक वेळा नवा.

का, हे डलहौसीच्या वंशावळीवरून बघू. त्याच्याकडे अनेक किताब होते, त्यांतले तीन इथे घेऊ. पहिला अर्ल ऑफ डलहौसी, जो १६३३ मध्ये विल्यम रॅम्सेला मिळाला. दुसरा बॅरन डलहौसी, जो १८१५ मध्ये त्याच्या वडिलांना, नवव्या अर्लला, नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधल्या लढायांनंतर मिळाला. तिसरा मार्क्विस, जो १८४९ मध्ये, दुसऱ्या शीख युद्धानंतर पंजाब कंपनीच्या राज्याला जोडल्यावर, त्याला स्वतःला मिळाला. त्या सनदेत डलहौसी किल्ल्याबरोबर पंजाबचेही नाव होते.

तिन्ही किताब पुरुषवंशातून चालणारे. म्हणजे मुलगा, त्याचा मुलगा, अशी साखळी. नियम सारखाच, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते प्रत्येकाचे वेगळे. ज्या माणसाला किताब पहिल्यांदा मिळाला तो त्या किताबाचा मूळ पुरुष, आणि वारस शोधायचा तो फक्त त्याच्या खाली.

आता १८६० मध्ये या. मार्क्विस किताबाचा मूळ पुरुष डलहौसी स्वतः. त्याच्या खाली दोन मुली, सुसान आणि एडिथ. मुलगा नाही. शोध तिथेच थांबला, किताब संपला. बॅरन किताबाचा मूळ पुरुष वडील. म्हणून एक पायरी वर चढून बघायचे: डलहौसीला भाऊ होते का? होते. तो तिसरा मुलगा, दोघे भाऊ त्याच्याही आधी, अविवाहितच वारले होते. हा किताबही त्याच दिवशी संपला. आता अर्ल. याचा मूळ पुरुष सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे वडिलांपाशी थांबायचे कारण नाही. आजोबा, आठवे अर्ल, यांच्यापर्यंत चढा आणि दुसऱ्या फांदीने खाली उतरा. आजोबांचा एक मुलगा विल्यम, त्याचा मुलगा फॉक्स मॉल. हा डलहौसीचा सख्खा चुलतभाऊ, क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटनचा युद्धमंत्री राहिलेला. तो अकरावा अर्ल झाला.

त्यालाही मूल नव्हते. १८७४ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे भाऊही मागे मुलगा न ठेवता गेले होते. पुन्हा आजोबांपर्यंत चढले, आणखी एका फांदीने उतरले, आणि जॉर्ज रॅम्से नावाचा आरमारी अधिकारी बारावा अर्ल झाला. जुन्या किताबाचे आयुष्य मोठे का, त्याचे उत्तर एवढेच आहे. मूळ जितके वर, तितक्या फांद्या जास्त, तितके भाऊबंद जास्त. नव्या किताबाला फांद्याच नसतात. आणि स्कॉटिश सरदारांची जुनी अडचण पुन्हा उभी राहिली: बॅरन डलहौसी संपल्यामुळे बाराव्या अर्लला लॉर्ड्‌समध्ये हक्काची जागा उरली नाही. म्हणून १८७५ मध्ये त्याला 'बॅरन रॅम्से' हा आणखी एक नवा किताब देण्यात आला.

मुंबईच्या इतिहासात हेच आणखी दोनदा घडलेले दिसते, आणि दोन्ही नावे आपल्या तोंडात बसलेली आहेत. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा काका, आणि हा जॉन त्याचा पुतण्या. एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे प्रभादेवी स्टेशन आणि हॉर्निमन सर्कल, ही नावे होती या पुतण्याची. या काका-पुतण्यांची गल्लत इतक्या ठिकाणी छापलेली असते की हे स्पष्ट सांगणे भाग आहे. पुतण्याचा घराणे-किताब १५१० चा. १८५७ च्या उठावाच्या काळात मुंबई इलाखा सांभाळल्याबद्दल त्याला मे १८५९ मध्ये 'बॅरन एल्फिन्स्टन' हा नवा किताब मिळाला. जुलै १८६० मध्ये तो अविवाहित वारला. नवा किताब जेमतेम चौदा महिने टिकला. १५१० चा चुलतभावाकडे गेला आणि आजही चालू आहे.

त्याच्या आधीचा गव्हर्नर म्हणजे लॉर्ड फॉकलंड. मुंबईच्या फॉकलंड रोडला, आताच्या पठ्ठे बापूराव मार्गाला, त्याचे नाव होते. 'व्हायकाउंट ऑफ फॉकलंड' हा १६२० चा स्कॉटिश किताब, पण मिळालेला एका इंग्लिश घराण्याला. जोडीला १८३२ चा 'बॅरन हन्सडन'. फॉकलंडचा एकुलता मुलगा त्याच्या आधी गेला. १८८४ मध्ये फॉकलंड वारला, व्हायकाउंट किताब धाकट्या भावाला मिळाला आणि बॅरन हन्सडन संपला. कारण तेच, भाऊ हा १६२० च्या मूळ पुरुषाचा वंशज होता, १८३२ च्या नव्हे.

वंश खुंटणे हा किताब जाण्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे राजद्रोह. स्कॉटलंडच्या इतिहासात तो फार वेळा आलेला आहे. फॉक्स मॉलकडे असलेला दुसरा किताब 'पॅनम्युअर' याचे उदाहरण आहे, आणि या नावाची कहाणी मला सगळ्यात विलक्षण वाटते. 'अर्ल ऑफ पॅनम्युअर' हा १६४६ चा स्कॉटिश किताब, मॉल घराण्याचा. चौथा अर्ल जेम्स १७१५ च्या जॅकोबाइट उठावात सामील झाला. स्टुअर्ट राजघराण्याला गादीवर परत बसवण्यासाठीचा हा उठाव. तो शेरिफम्युअरच्या लढाईत लढला, उठाव फसला, आणि १७१६ मध्ये त्याचा किताब आणि जमीन दोन्ही सरकारजमा झाले. तो पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत वारला. पुढे त्याच्या पुतण्याला, विल्यमला, १७४३ मध्ये आयर्लंडचा म्हणून 'अर्ल पॅनम्युअर' हा नवा किताब मिळाला आणि त्याने गेलेल्या जमिनीही विकत घेऊन परत मिळवल्या. तो अविवाहित होता. १७८२ मध्ये किताब संपला. जमीन बहिणीच्या बाजूने रॅम्से घराण्यात आली, आणि त्या जमिनीबरोबर 'मॉल' हे आडनावही. डलहौसीचा चुलतभाऊ रॅम्सेऐवजी मॉल का, त्याचा उलगडा इथे होतो. मग १८३१ मध्ये त्याच्या वडिलांना 'बॅरन पॅनम्युअर' किताब मिळाला आणि तो १८७४ मध्ये फॉक्स मॉलबरोबर गेला. एकच नाव तीनदा जन्मले आणि तीनदा संपले. एकदा राजद्रोहाने, दोनदा वंश खुंटून.

जप्त झालेला आणि वंश खुंटून संपलेला, या दोहोंत फरक आहे. जप्त झालेला किताब संसद कायदा करून परत देऊ शकते, कारण घराण्यात वारस असतो. त्याचा हक्क फक्त गोठवलेला असतो. वंश खुंटला तर द्यायला कोणी उरलेलेच नसते. याशिवाय तिसरी एक अवस्था आहे, सुप्त किताबाची. वारस असावा असे वाटते, पण कोणी पुरावा देऊन हक्क सिद्ध केलेला नसतो. अशा वेळी किताब मेला असे म्हणत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच पडून राहतो आणि एखाद्या दिवशी लग्नाच्या, जन्माच्या नोंदी घेऊन कोणीतरी पुढे येतो.

संपलेल्या किताबाचे नाव मोकळे होते आणि दुसऱ्याला देता येते. याचे उदाहरण रॅम्से घराण्याच्याच सुरुवातीला आहे. ५ ऑगस्ट १६०० रोजी पर्थ गावात गौरी हाऊस नावाच्या वाड्यात राजा सहावा जेम्स आणि अलेक्झांडर रुथव्हेन यांची झटापट झाली. राजाचा तरुण सेवक जॉन रॅम्से धावून गेला, त्याने अलेक्झांडरवर वार केले, आणि त्या दिवशी अलेक्झांडर व त्याचा भाऊ अर्ल ऑफ गौरी दोघेही मारले गेले. हा कट होता की राजाचाच डाव, यावर आजवर वाद आहे. पण परिणाम निर्विवाद: संसदेने मेलेल्या दोघा भावांवर खटला चालवला, गौरी किताब जप्त केला आणि रुथव्हेन हे आडनाव लावायलाच बंदी घातली. इकडे जॉन रॅम्सेला १६०६ मध्ये 'व्हायकाउंट ऑफ हॅडिंग्टन' किताब मिळाला. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा वंश उरला नव्हता, किताब संपला. दुसऱ्याच वर्षी हॅमिल्टन घराण्यातल्या थॉमसने, जो तोपर्यंत अर्ल ऑफ मेलरोझ होता, आपले नाव बदलून 'अर्ल ऑफ हॅडिंग्टन' करून घेतले. ते घराणे अजून तेच नाव लावते. जॉनचा भाऊ जॉर्ज याची शाखा मात्र वाढली, आणि तीच पुढे अर्ल ऑफ डलहौसी.

मुलींचे काय? सगळे स्कॉटिश किताब मुलींना बंद नव्हते. काही जुन्या स्कॉटिश किताबांत मुलगा नसेल तर मोठी मुलगी वारस होते, आणि याबाबतीत स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा सरळ आहे. पण जुन्या सनदेचा अर्थ लावताना भांडणे होतात. 'मार' हा स्कॉटलंडच्या अतिशय जुन्या किताबांपैकी एक. १८६६ मध्ये त्याचा अर्ल निपुत्रिक वारला. बहिणीचा मुलगा म्हणाला, किताब प्राचीन आहे आणि बाईकडून चालतो. पुरुषवंशातला नातलग अर्ल ऑफ केली म्हणाला, हा किताब १५६५ मध्ये नव्याने दिलेला आहे आणि फक्त पुरुषांकडे जातो. लॉर्ड्‌सच्या समितीने १८७५ मध्ये केलीच्या बाजूने कौल दिला. त्यावर इतका गदारोळ झाला की १८८५ मध्ये संसदेने खास कायदा करून जुना किताबही मान्य केला. तेव्हापासून 'अर्ल ऑफ मार' दोन आहेत. सगळा वाद एका प्रश्नाचा: मूळ कुठे धरायचे?

डलहौसीच्या मुलींना त्याचा एकही किताब मिळाला नाही, पण जमीन मिळाली. किताब आणि जमीन या दोन वेगळ्या वाटा आहेत. डलहौसीची आई क्रिश्चन ब्राउन ही कोल्स्टनच्या जहागिरीची वारस होती, आणि ती जहागीर बाईकडूनही चालायची. आईकडून डलहौसीकडे, त्याच्याकडून थोरली मुलगी सुसान हिच्याकडे, आणि सुसानला मूल नसल्यामुळे पुढे एडिथच्या मुलीकडे. एडिथचे लग्न १८५९ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन यांच्याशी झाले. १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर असलेले, आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते हेच. एडिथ त्याआधीच, १८७१ मध्ये वारली होती. पण डलहौसीचे रक्त कोल्स्टनमध्ये चालू राहिले ते तिच्याकडून. 'निर्वंश' हा शब्द त्याला लावताना हे लक्षात ठेवायला हवे.

आता सातारा. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज, म्हणजे आप्पासाहेब, वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीला कलकत्त्यात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्याचे म्हणणे असे की दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. हे धोरण त्याने शोधले नव्हते. वारस नाही म्हणून आंग्र्यांचे कुलाबा कंपनीने त्याच्या आधीच घेतले होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या निर्णयाला विरोध केला: १८१९ चा तह राजांशी आणि त्यांच्या वारस-उत्तराधिकाऱ्यांशी कायमचा केलेला आहे आणि हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा वारसच असतो. क्लार्क गेले, त्यांच्या जागी फॉकलंड आला, वर उल्लेख झाला तोच, आणि त्याने खालसा करण्याला संमती दिली. १८४९ मध्ये लंडनच्या संचालकांनी शिक्कामोर्तब केले.

कंपनीचा युक्तिवाद नीट वाचला तर तिथेही मूळ कुठे धरायचे हाच प्रश्न दिसतो. सातारा हे राज्य आम्ही निर्माण केले, १८१९ मध्ये आम्ही दिले, म्हणून देणारा तेवढा परत घेऊ शकतो, असे कंपनी म्हणत होती. छत्रपतींची गादी म्हणजे जणू १८१९ ची नवी सनद. साताऱ्याच्या लोकांच्या दृष्टीने ती गादी १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची होती. तिला भाऊबंद होते, शाखा होत्या, कोल्हापूरची गादी होती. डलहौसीच्या स्वतःच्या अर्ल किताबाला लावलेला नियम इथे लावला असता, तर दत्तकाचा प्रश्न बाजूला ठेवूनही वर चढून दुसऱ्या फांदीने उतरता आले असते. शिवाय १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केल्यावर कंपनीने गादी दिली होती ती त्यांच्या भावाला, आप्पासाहेबांनाच. भाऊ चालतो, हे कंपनीने एकदा कृतीने मान्य केले होते. प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे राहिले, अर्ज करत राहिले, तरी कोणी ऐकले नाही.

आणि किताब संपणे व राज्य खालसा होणे यांची बरोबरीही होऊ शकत नाही. मार्क्विस किताब संपला तेव्हा रॅम्सेंच्या हातून एक नाव गेले. किल्ला राहिला, जमिनी राहिल्या, कुळांकडून येणारा खंड राहिला. सातारा, झाशी, नागपूर गेले तेव्हा राज्य, खजिना, महसूल, फौज, लोकांची नोकरी सगळे गेले. नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातले दागदागिने आणि जनावरे लिलावात निघाली. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवून नियतीचा न्याय म्हणणे हे ज्यांचे गेले त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

१८५७ नंतर ब्रिटिशांनी हे धोरण सोडले. लॉर्ड कॅनिंगच्या काळात संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या गेल्या. १८६२ मध्ये कोल्हापूरला अशी सनद मिळाली, आणि १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले ते राजर्षी शाहू महाराज. ब्रिटिश सरदारांच्या घरात मात्र दत्तक मुलगा आजही वारस होत नाही. २००४ च्या राजाज्ञेने दत्तक मुलांना नावामागे 'ऑनरेबल', 'लॉर्ड', 'लेडी' अशी बिरुदे लावायची मुभा मिळाली. किताबाचा वारसा त्यात नाही.